डोमाजींची दुसरी खुर्ची

आमच्या ले-आउटच्या बागेत चौदा बाकं आहेत, आणि तरीही डोमाजी भोयर रोज सकाळी घरून दोन खुर्च्या घेऊन येतात.

खुर्च्या प्लास्टिकच्या, विटकरी रंगाच्या. एकीत एक बसवलेल्या, सायकलच्या कॅरिअरला सुतळीने आवळलेल्या. डोमाजींचं वय चौऱ्याहत्तर. सायकलवर बसत नाहीत, ती हाताने ढकलत आणतात. बागेतल्या कडुनिंबाखाली खुर्च्या सोडतात, शेजारीशेजारी मांडतात, दुपट्ट्याने दोन्ही पुसतात आणि डावीकडच्या खुर्चीवर बसतात. उजवीकडची रिकामी. तासाभराने दोन्ही पुन्हा बांधून घरी नेतात.

नवा माणूस हमखास फसतो. चार फेऱ्या मारून दमलेला, तो रिकाम्या खुर्चीवर टेकतो.

"उठ गा. ते तुयी नाही."

"मग कोणाची आहे काका?"

"तुयी नाही एवढं समजलं ना? झालं तं मंग."

गेली सहा वर्षं मी डोमाजींचा शेजारी आहे. बाकावर बसलेलं मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या एका खुर्चीचा पाय तडकला, तेव्हा चांगली खुर्ची रिकामी ठेवून ते तासभर उभे राहिले. समोर ग्रॅनाइटची चौदा बाकं गार पडून होती. लोकांनी त्यांना विक्षिप्त ठरवून टाकलं होतं. हास्यक्लबच्या मंडळींना तर हसायला एक कारणही मिळालं होतं, एरवी ती विनाकारण हसतात.

आता माझा भाग सांगतो. ती बाकं मी बसवली आहेत.

म्हणजे पैसे भाऊसाहेब बारापात्र्यांचे. भाऊसाहेबांच्या कोळशाच्या गाड्या आहेत, जमिनी आहेत, दोन कॉलेजं आहेत, जंगलाच्या तोंडाशी हॉटेलं आहेत. मी त्यांच्या ट्रस्टमध्ये बावीस वर्षं नोकरीला आहे. कार्डावर जनसंपर्क अधिकारी असं छापलंय. खरं काम एकच, भाऊसाहेब चांगले आहेत हे लोकांना दिसत राहील अशी व्यवस्था करणं. चौदाही बाकांच्या पाठीवर अक्षरं कोरलेली आहेत. 'कै. गयाबाई बारापात्रे यांच्या स्मरणार्थ' हे दोन इंची अक्षरात, आणि खाली 'सौजन्य : मा. भाऊसाहेब बारापात्रे' हे चार इंची. आईचं नाव लहान आणि मुलाचं मोठं, हे माप मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवलं. नोकरीत इतकी वर्षं झाली की सांगावं लागत नाही.

डोमाजी औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर होते. खापरखेड्याच्या कॉलनीत आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर कोराडी रोडला दोन खोल्यांचं घर बांधलं, मग बायको गेली, आता एकटेच असतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत देवाचा फोटो नाही, घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. भिंतीवर मधोमध एक जुना प्रेशर गेज आहे, वाफेचा दाब दाखवणारा, भंगारातून घेतलेला, ताटलीएवढा. काटा शून्यावर. आत एक लाल रेघ.

"गेज पाहा गा, गेज!" हे त्यांचं पालुपद. मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "पोरगा चांगला हाये म्हंते? कोणत्या गेजवर पाह्यलं?" बॉयलरवर दर तासाला लॉगशीट भरायची असते. त्यात आकडे लिहायचे. एकदा एका नव्या ऑपरेटरने 'प्रेशर चांगले आहे' असं लिहिलं होतं. डोमाजींनी त्याला शिफ्ट संपेपर्यंत गेजसमोर उभं केलं. "चांगलं कोणाले म्हंते रे? तुले का बॉयलरले?" तेव्हापासून 'चांगलं' या शब्दाशी त्यांचं वैर आहे.

बागेत देशकर म्हणून बँकेतले निवृत्त अधिकारी येतात. ते बाकावर बसतात आणि तिथून डोमाजींशी भांडतात. मी गवतावर बसून ऐकतो.

"डोमाजी, श्रीमंतांनी लोकांना कामं दिली, दवाखाने काढले, बागा दिल्या. ज्या झाडाखाली तुम्ही बसता..."

"झाड त्यानं लावलं काय?"

"झाड नाही, पण झाडाचा पार तरी त्यांनीच बांधलाय ना?"

"मी पारावर बसून राहिलो काय?"

देशकर हरणारे नव्हेत. "म्हणजे तुमच्या मते पैसाच वाईट."

"पैसा काहून वाईट? वाफ वाईट रायते का? वाफ नसन तं तुया घरचा पंखा फिरन का? पण गेजवर लाल रेघ असते. काटा रेघेच्या आत हाये तवरोक बॉयलर आपला. पार गेला का सेफ्टी वॉल्व्ह आपोआप उघडते, वाफ बाहेर, अख्ख्या कॉलनीची झोप मोडते. माणसाले वॉल्व्ह नाही. तो फुगतच रायते, अन् आजूबाजूचे म्हंतात, वा वा, काय तब्येत सुधरली."

"आणि दान? दान म्हणजे वॉल्व्हच की!"

डोमाजींनी समोरच्या बाकाकडे बोट केलं. "वॉल्व्हमधून निंगालेल्या वाफेवर कोनी नाव लिवते का गा?"

देशकर थोडं पुढे सरकून बसले. आपण पाठ कशाला टेकलीय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"बरं, माणसाची लाल रेघ कुठे असते ते तरी सांगा. किती एकर? किती बंगले?"

"एकरात नाही मोजत ते." डोमाजी खुर्चीवर ताठ झाले. "ज्याच्या जोकवर लोकं जोक संपायच्या आधी हासतात, तो रेघेच्या पार गेला समज. त्याले आता कोनी खरं सांगत नाही. अन् ज्याले कोनी खरं सांगत नाही, तो चांगला राहीनच कसा? त्याले मालूमच नाही ना काटा कुठं हाये!"

सगळे हसले. मी गवत उपटत राहिलो. भाऊसाहेबांचा एक विनोद आहे, तहसीलदाराच्या कचेरीत शिरलेल्या बकरीचा. बावीस वर्षांत तो मी किती वेळा ऐकला असेल, देव जाणे. शेवटी बकरी काय खाते हा त्यातला विनोद. मी बकरी दारात आली की हसायला लागतो.

तडकलेल्या खुर्चीच्या जागी नवी आणायला डोमाजी मला बर्डीच्या बाजारात घेऊन गेले. एक खुर्ची हवी होती. त्यांनी दुकानात दोन मागितल्या.

"एक तर धड आहे ना तुमची?" मी विचारलं.

"नवी-जुनी बाजूबाजूनं नाही चालत."

दुकानदाराने दोन काढून दिल्या. डोमाजींनी त्या फरशीवर शेजारी ठेवल्या, खाली वाकले, एक डोळा मिटला आणि दोन्हींच्या बैठकीवरून नजर फिरवली. "हे दोन सूत उंच हाये."

"काका, एवढं तेवढं चालते."

"नाही चालत. दोन सुतापासूनच सुरुवात होते."

अकरा खुर्च्या झाल्या. दुकानदार नोकराला म्हणाला, "काकाले गोडाउनमधीच ने बाबा." शेवटी जुळी जोडी सापडली. परत येताना मेट्रोच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने अडवलं. "ये कुर्सी लेके किधर काका?"

"सीट नाई मिली तो?" डोमाजी म्हणाले.

तो पोरगा इतका गोंधळला की त्याने जाऊ दिलं. डब्यात जागा होती, तरी आम्ही उभे राहिलो, दोघांच्या हातात एकेक खुर्ची. सगळे आमच्याकडे बघत होते. मी विचारलं, "काका, ही दुसरी नेमकी कोणासाठी?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "झीरो माइल टेशन गेलं काय?" एवढंच म्हणाले.

मग भाऊसाहेबांची पंचाहत्तरी आली.

पंचाहत्तरी म्हटलं की गौरवग्रंथ आलाच. जाड कागद, सोनेरी अक्षरं, चाळीस मान्यवरांचे चाळीस लेख. त्यातले एकतीस मी लिहिले. ही आमच्या क्षेत्रातली पद्धत आहे, मान्यवरांना वेळ नसतो. एका निवृत्त प्राचार्यांना त्यांच्या नावावरचा माझा लेख इतका आवडला, की त्यांनी मला फोन करून सांगितलं, "सुधाकर, मी इतकं चांगलं लिहितो हे मला माहीतच नव्हतं." दानशूर, ऋजू, मितभाषी, साधी राहणी, निगर्वी... ही विशेषणं मी वर्षानुवर्षं अशी वापरली आहेत, की आता ती आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतात.

मजकूर तयार झाल्यावर तो घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली आणि वही मिटली.

"डोम्याचं पान कुठाय?"

"कोण डोम्या, भाऊसाहेब?"

"डोमाजी भोयर. तुझ्याच ले-आउटमध्ये राहतो ना?"

मी मान डोलावली. सहा वर्षं एका भिंतीपलीकडे राहून डोमाजींनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"त्यानं एक पान लिहावं. मन्या, म्हणजे मी, माणूस कसा आहे, एवढंच. बाकीचे बहुतेक तूच लिहिलेत ते मला ठाऊक आहे रे." ते हसले. "त्याचं पान नसेल तर हा ग्रंथ रद्दी. आणि तुला जमत नसेल तर सांग, तुझ्या जागी दुसरा कोणी आणेल."

हे सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं. मीही हसत होतो, सवयीने.

मी घरी आलो आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर डोमाजींच्या नावाचं पान लिहून काढलं. शीर्षक दिलं, 'सज्जनांचा मेरुमणी'. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन डोमाजींच्या घरी गेलो. फक्त सही पाहिजे, असं सांगितलं.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. आधी चहा ठेवला. मग गेजखाली बसून म्हणाले, "मन्यानं मांगतलं काय हे? त्यानं स्वतः?"

"हो. तुमचं पान नसेल तर ग्रंथ काढू नका म्हणाले."

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग सांगू लागले, आणि मला पहिल्यांदा सगळं कळलं.

कोळशाच्या खाणीजवळची वस्ती. डोमाजींना आई नव्हती, बाप खाणीत. शेजारी गयाबाईचं घर. गयाबाई भाकरी थापायची, पोरं दोन आणि ताट एक. घरात बसायला एकच खुर्ची होती, खाणीतल्या सुरुंगाच्या पेटीच्या फळ्या ठोकून केलेली. तिच्यावरून मन्या आणि डोम्याची रोज मारामारी.

"गयामावशीनं एक दिवस दोघायले बी हाणलं. अन् म्हने, 'दोघं बसा, नाई तं कोनीच नोका बसू.' मंग आमी दोघं बसत होतो. अर्धा तो, अर्धा मी, एकेक पाय बाहेर लोंबते." डोमाजी हसले. "मोठा झाल्यावर त्याच्यापाशी पयला ट्रक आला, मंग दहा आले. मी म्हनलं, मन्या, मस्त झालं. मंग शंभर आले. मंग मी त्याच्या घरी गेलो तं त्याच्या माणसानं मले विचारलं, काय काम हाये? त्या दिवशीपासून नाही गेलो. तो बी नाही आला."

"म्हणून बाकावर बसत नाही तुम्ही?"

"गयामावशीच्या नावाले पाठ लावून बसू?" ते एकदम चिडले. "अन् तिचं नाव खाली दाबून ह्याचं मोठं काहून केलं? कोणत्या गाढवानं केलं ते?"

गाढव समोरच बसून चहा पीत होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आन तो कागद."

चष्मा लावला. लाल-निळी पेन्सिल काढली, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी असलेली, शिफ्टमधली. लॉगशीट तपासावी तसा एकेक शब्द वाचू लागले.

"दानशूर." थांबले. "त्यानं देल्ल्यावर त्याच्यापाशी कमी झालं काय? कमीच नाही झालं, तं देल्लं काय?" लाल रेघ मारली.

"साधी राहणी. त्याचा ड्रायव्हर हप्त्यातून किती दिवस आपल्या घरी जेवते?"

"रविवारी जातो, बहुतेक."

रेघ.

"निगर्वी." नुसतंच हसले. रेघ.

असं करत करत ते शेवटच्या ओळीवर आले. 'प्रेमळ मित्र' असं मी लिहिलं होतं. पेन्सिल 'प्रेमळ'वर टेकली आणि तिथेच राहिली. चुलीवरच्या पातेल्यातला उरलेला चहा उतू गेला, वास आला, तरी ते उठले नाहीत. शेवटी त्यांनी तो शब्दही खोडला, पण अगदी हलक्या हाताने, खालचं वाचता येईल असा.

"हे गेजवर दिसत नाही गा. लिवता येत नाही."

मग पेन्सिल उलटवून निळ्या टोकाने खाली स्वतःची तीनच वाक्यं लिहिली : 'मनोहर बारापात्रे माझा मित्र आहे. तो गयाबाईचा मुलगा आहे. आम्ही एका ताटात जेवलो.' खाली सही, आणि लॉगशीटवर असते तशी वेळ, सकाळी ८.१०.

मी गयावया करू लागलो. "काका, 'चांगला माणूस' एवढे दोन शब्द तरी राहू द्या. तुमचं काय जातं?"

"मायं काय जाते? मायं लॉगशीट जाते."

तेव्हा मला राग आला. म्हणालो, "तुम्हाला सोपं आहे. पेन्शन आहे, दोन खुर्च्या आहेत, झालं. मला रोज तिथे उभं राहावं लागतं. मला काय दिसत नाही असं वाटतं तुम्हाला?" आणि बोलता बोलता माझ्या तोंडून पारशिवनीची गोष्ट बाहेर पडली. ती मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

पारशिवनीजवळच्या एका गावात गिरजाबाई नावाच्या म्हातारीची जमीन भाऊसाहेबांना हवी होती. बोलणी करायला मी गेलो. तिथून मोठा रस्ता जाणार आहे, हॉटेल होणार आहे, जमिनीला सोन्याचं मोल येणार आहे, हे मला ठाऊक होतं. गिरजाबाईला नव्हतं. तिने मला खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसली. गुळाचा चहा दिला. मी तिच्याशी फार अदबीने बोललो, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. रस्त्याबद्दल बोललो नाही. तिने अंगठा दिला. निघताना त्याच शेतातल्या तुरीच्या शेंगा माझ्या पिशवीत भरल्या आणि म्हणाली, "तुमचे साहेब चांगले दिसतात बाबू, तुमच्यासारखा माणूस पाठवला."

त्या अंगणात भाऊसाहेब चांगले ठरले ते माझ्यामुळे. इतका मोठा पैसा स्वतःच्या चेहऱ्याने दारात येत नाही. तो माझ्यासारख्यांचा चेहरा लावून येतो, चहा पितो, गुडघे कसे आहेत विचारतो. त्या शेंगा आम्ही घरी उकडून खाल्ल्या. गोड होत्या.

डोमाजींनी माझी समजूत घातली नाही. तुझा नाइलाज होता, असंही म्हणाले नाहीत.

"अमीर व्हाले लय काही करा नाही लागत सुधाकर," ते म्हणाले. "टायमावर चूप रायनारे दोन-चार लोकं लागतात, बस." मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तुले काही खोडाचं असन तं खोड."

मी 'सज्जनांचा मेरुमणी' खोडलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दोन पाहुणे बसले होते. भाऊसाहेब रंगात होते. "तर ती बकरी कचेरीच्या दारात आली..." पाहुणे हसायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही. ठरवून नव्हे, हसूच आलं नाही. बकरी आत गेली, फाइल खाल्ली, विनोद संपला, तरी मी तसाच उभा. केबिनमध्ये कोणी पंखा बंद केल्यासारखं झालं.

भाऊसाहेबांनी पाहुण्यांना निरोप दिला. "डोम्याकडे जाऊन आलेला दिसतोस," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

तीन वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? त्यांना बराच लागला. खोडलेले शब्दही ते वाचत होते, हे त्यांच्या बोटावरून कळत होतं. बोट शेवटच्या ओळीत 'प्रेमळ'पाशी थांबलं. मी नोकरी गेल्याचं मनातल्या मनात बायकोला सांगूनही टाकलं.

"असंच छाप," ते म्हणाले.

मी वळलो, तसे म्हणाले, "तो बागेत दोन खुर्च्या आणतो म्हणे."

"हो भाऊसाहेब."

"दुसरीवर कोणाला बसू देतो?"

"कोणालाच नाही."

ते खिडकीकडे वळले. बावीस वर्षांत त्यांची पाठ मी पहिल्यांदाच इतका वेळ पाहिली. मग ज्या बोलीत ते माझ्यापुढे कधी बोलले नव्हते, त्या बोलीत त्यांनी विचारलं, "दोनी सारख्या उंचीच्या हायेत काय गा?"

"हो," मी म्हणालो. "अकरा खुर्च्या पाहून घेतल्या."

ग्रंथ निघाला. चाळीस लेखांच्या मधे एका कोऱ्या पानावर तीन वाक्यं आणि वेळ. मान्यवरांना ती छपाईतली चूक वाटली.

हा लेख माझा बत्तिसावा, आणि स्वतःच्या नावाने लिहिलेला पहिला. यात भाऊसाहेबांना एकही विशेषण दिलेलं नाही, आणि ज्याच्यापाशी इतकं आहे तो माणूस चांगला असू शकत नाही, असं मला वाटतं, हे मी इथे शुद्धीवर राहून लिहितो आहे. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. तो चांगला राहावा म्हणून आम्ही काहीच करत नाही, आणि तो चांगला दिसावा म्हणून सगळं करतो. नोकरी आज आहे. हे छापून आल्यावर असेल का, ठाऊक नाही. गिरजाबाईकडेही मी जाऊन आलो. तिथे काय झालं ते लिहिणार नाही. लिहिलं तर त्यात मीच चांगला दिसेन.

गेल्या आठवड्यात मी बागेत माझी स्वतःची खुर्ची घेऊन गेलो. डोमाजींनी एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली.

"दोन सूत उंच हाये तुयी."

"मग काय करू?"

"पाय काप." मग म्हणाले, "अन् मधात नोको ठेवू. तिकडं, डाव्या बाजूनं."

मी डावीकडे बसलो. उजवीकडची खुर्ची तशीच रिकामी. दंव पडलं होतं. फाटकाबाहेर काळ्या काचांची एक लांब गाडी येऊन थांबली. मी ती ओळखतो, तिची धुलाई कधी असते तेही मला माहीत आहे. काच खाली आली नाही, दार उघडलं नाही. डोमाजींनी मान वळवली नाही, पण दुपट्टा काढून उजवीकडची खुर्ची पुसली. बैठक, पाठ आणि दोन्ही हात. गाडी काही वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

"रोज येते?" मी विचारलं.

"ग्रंथ निंगाल्यापासून."

"तुम्हीच का जात नाही उठून? दहा पावलं आहेत."

"मी काहून जाऊ? मी बसलोच हावो. तिकडून इकडं या लागते."

"आणि आले तर? मग म्हणाल ना, चांगला माणूस आहे?"

डोमाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लॉगशीटवर 'प्रेशर चांगले आहे' लिहिलं असावं. ओला दुपट्टा पिळून खांद्यावर टाकला.

"नाही म्हननार," ते म्हणाले. "चांगला नाही तो. पण म्हनून काय त्याले उभा ठेवू?"